चौदा सेकंद

कुणाच्या घरी मुलाखत घ्यायला गेलं की आम्ही आवाजवाले सगळ्यात आधी स्वयंपाकघरात घुसतो. चहाच्या आशेनं नाही हो, फ्रिज बंद करायला. घरच्यांच्या कानाला त्याची सवय झालेली असते, पण माइकला नसते. घरघर अशी उतरते की नंतर काही केल्या निघत नाही. तर फ्रिज बंद करायचा आणि आपल्या किल्ल्या त्याच फ्रिजमध्ये, दुधाशेजारी ठेवायच्या. निघताना किल्ल्यांसाठी फ्रिज उघडावाच लागतो आणि तो परत सुरू करायची आठवण होते. नाही तर त्या बिचाऱ्यांचं दूध नासलंच म्हणून समजा. अठरा वर्षं मी हे काम करते आहे. या अठरा वर्षांत किल्ल्या ठेवायला मी एकदाच विसरले, आणि तेही माझ्याच घरी.

माझ्या म्हणजे आमच्या. मी आणि फौजदार. फौजदार पोलिसात नाही, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते. पण घरात तिचा हुकूम चालतो, म्हणून मी ठेवलेलं नाव. ती मला कानसेन म्हणते. नऊ वर्षं आम्ही एकत्र राहतो. माझ्या आईच्या भाषेत ती माझी 'भाड्यात भागीदार'. माझ्या ऑफिसच्या भाषेत ती कुणीच नव्हती. ऑफिसात मी तिचा विषयच काढला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, कशाला उघडा.

फौजदारला एचआयव्ही आहे. रोज रात्री जेवणानंतर एक गोळी घेते. तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत आहे, जिने चढताना धाप मला लागते. तो तिला कसा झाला ते मला माहीत आहे, आणि तुम्हाला मी सांगणार नाही. तीही कुणाला सांगत नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "डेंग्यू झालेल्याला तुम्ही डासाचं नाव विचारता का?"

पण एक गोष्ट ती सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज चढायचा. आजार कळायच्या आधी दोन वर्षं ती खोकत होती. कपडे ढगळ व्हायला लागले, तोंड आलं की महिनामहिना बरं व्हायचं नाही. डॉक्टरकडे गेली. त्यानं विचारलं, नवरा? नाही. मित्र? नाही. तिनं मान ताठ ठेवून खरं काय ते सांगितलं, माझी मैत्रीण आहे, तिच्याबरोबर राहते. त्यानं कागदावरची एक ओळ खोडली आणि म्हणाला, मग तुम्हाला या तपासणीची गरज नाही. झालं. पुढचे तीन डॉक्टर तोच कागद बघत राहिले. दोन वर्षांनी ती दुकानातच कोसळली, तेव्हा कुठं एका नर्सनं कुणालाही न विचारता रक्त तपासायला पाठवलं. त्या नर्सचं नाव काढलं की मला अजून रडू येतं.

आमच्या वाहिनीवर दर गुरुवारी संध्याकाळी आठ वाजता आरोग्याचा कार्यक्रम असतो. तो ज्या करतात त्यांना सगळे ताई म्हणतात. बाई वाईट नाही. कुणाच्या घरी कुणी आजारी असलं की आधी डबा त्यांचाच जातो. त्यांना एचआयव्हीवरच्या भागासाठी बोलणारी एक बाई हवी होती, मिळत नव्हती. मी घरी येऊन सहज म्हटलं. फौजदार भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी बोलते."

"वेड लागलंय का?"

"तोंड दाखवणार नाही. आवाज तू बदल. पण ती एक गोष्ट मी सांगणार, आणि ती तुम्ही दाखवायची. बाकी सगळं कापा, माझी हरकत नाही."

मी ताईंना म्हटलं, माझ्या ओळखीच्या एक आहेत, त्यांची अशी अशी अट आहे. ताई म्हणाल्या, "हो गं, का नाही? उलट वेगळं होईल काहीतरी."

मुलाखत घरीच करायची हा फौजदारचा हुकूम. आदल्या दिवशी मी घरातून स्वतःला काढून टाकलं. भिंतीवरचा आमचा फोटो उतरवला. दारातल्या माझ्या चपला, दांडीवरचे माझे कपडे, बेसिनवरचा माझा ब्रश, सगळं एका पेटीत भरलं आणि पेटी पलंगाखाली ढकलली. फौजदार दारात उभी राहून बघत होती. "मला पण ढकल की खाली," ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच घराची घंटा वाजवली. मागे ताई, निवेदिका, कॅमेरावाला. फौजदारनं दार उघडलं आणि मला म्हणाली, "या ना, या, सापडलं का घर?" मेलीला असल्या वेळीही चेष्टा सुचते.

तिला खिडकीत पाठमोरी बसवली. मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज बंद केला, माइक लावला. निवेदिकेनं पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला हा आजार कसा झाला?" फौजदारनं डासाचं सांगितलं. कॅमेरावाला हसला, निवेदिका हसली नाही. तिनं तोच प्रश्न चार वेळा चार तऱ्हांनी विचारला. मग फौजदार म्हणाली, "मी सांगायचंय ते सांगू का?" आणि सरळ बोलली:

"माझं माणूस म्हणजे एक बाई आहे. डॉक्टरांना तसं सांगितलं, तर म्हणाले, मग तुम्हाला तपासणीची गरज नाही. त्यात माझी दोन वर्षं गेली. तुम्ही माझ्यासारख्या असाल आणि अशाच खोकत असाल, तर कुणी काही म्हणो, जा आणि तपासून घ्या."

चौदा सेकंद. मी कानाला हेडफोन लावून तिच्यापासून चार हातांवर उभी होते. 'माझं माणूस' म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बघू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं.

शेवटी मी सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं केलं. हाही आमचा नियम. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, ती नोंदवून ठेवायची. नंतर मधलं वाक्य कापलं की तिथं तीच शांतता भरायची, म्हणजे जोड कळत नाही.

मग आम्ही निघालो. संध्याकाळी मी परत आले तर फौजदार कमरेवर हात ठेवून उभी. दूध नासलेलं, बर्फाचं पाणी फरशीभर. "अठरा वर्षांचा अनुभव म्हणे," ती म्हणाली. मी फडकं घेऊन फरशी पुसली. दोघी हसलो. नासलेल्या दुधाचं मला काही वाटलं नाही, चांगला दिवस होता.

सोमवारी ताईंनी मला कागद दिला. काय ठेवायचं, काय काढायचं. त्या चौदा सेकंदांवर लाल रेघ होती.

"ताई, त्यांची अट होती."

"अगं, मी वरपर्यंत भांडले. एका बाईत दोन-दोन गोष्टी लोकांना पचत नाहीत. आजाराबद्दल बोलतोय तर आजाराबद्दलच बोलू. त्या दुसऱ्या विषयावर वेगळा भाग करू ना कधीतरी. मस्त, आनंदी, रंगीत असा."

तो भाग कसा असतो ते मला माहीत आहे. आमच्यासारख्या बायका एक तर सिनेमाच्या शेवटी मरतात, नाही तर जाहिरातीत कॉफी पिऊन हसतात. खोकत नाहीत. आणि एचआयव्हीच्या कार्यक्रमातली बाई कायम कुणाची तरी बायको असते, खिडकीत पाठमोरी बसलेली, नवऱ्याच्या पापाची फळं भोगणारी. या दोघींची आपसात ओळखच नाही.

हे सगळं मी तिथं बोलायला हवं होतं. ती माझी आहे, असं म्हणायला हवं होतं. मी काय म्हणाले? "बरं."

आणि कापलं. मीच कापलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो दांडा मी. तिथं आमच्या खोलीची शांतता भरली. काम इतकं सफाईदार झालं की माझं मलाच ऐकू येईना. तिचा आवाज जाड केला. घरी आल्यावर सांगितलं नाही. म्हटलं, गुरुवारला अजून तीन दिवस आहेत. तीन दिवसांत काय जग बुडणार होतं?

गुरुवारी आठ वाजता आम्ही टीव्हीसमोर बसलो. फौजदारनं स्वतःचा आवाज ऐकला आणि मला कोपरानं ढोसलं. "म्हशीचा आवाज दिलास की गं मला!" मग निवेदिकेचा आवाज आला. हे वाक्य मी ऐकलेलं नव्हतं, ते नंतर वरून टाकलं होतं: "पतीकडून मिळालेला आजार, आणि पतीच्या निधनानंतरची ही एकाकी झुंज..."

फौजदारनं माझ्याकडे बघितलं. "माझं लग्न झालं होतं?"

मी टीव्हीकडेच बघत राहिले.

"आणि मेला पण? एका वाक्यात? बरं झालं, फार दिवस त्रास नाही दिला त्यानं."

ती हसत होती. कार्यक्रम पुढे गेला. ती जागा आली आणि गेली. ती वाट बघत राहिली. नावं सरकायला लागली, त्यांत माझंही होतं, आवाज म्हणून. तेव्हा तिनं विचारलं, "कुणी काढलं?"

"वरून आलं होतं."

"वरून आलं होतं ते कळलं. काढलं कुणी?"

मी सांगितलं. ती उठली, गोळी घेतली. रोज पाणी मी देते. त्या दिवशी तिनं स्वतः घेतलं.

तेवढ्यात माझ्या आईचा फोन. आई दर गुरुवारी कार्यक्रम बघते, लेकीचं नाव येतं म्हणून. रडवेली झाली होती. "काय गं त्या बाईचे हाल! नवरे मेले, स्वतः जातात आणि बायकोच्या नशिबी हे ठेवून जातात. कुणी आहे का गं तिला बघायला?"

फोनचा आवाज मोठा होता. फौजदारला ऐकू जात होतं.

"नाही," मी म्हटलं. "कुणी नाही."

"अरेरे," आई म्हणाली. "आणि तुझी ती भागीदार बरी आहे ना?"

"बरी आहे."

चार दिवस फौजदार माझ्याशी कामापुरतं बोलली. भांडली असती तर परवडलं असतं. तिच्या भांडणाची मला सवय आहे, गप्प राहण्याची नाही. मी पेटीतला फोटो काढून परत भिंतीवर लावला. तिनं तो बघितला आणि म्हणाली, "कुणी येणार असेल तर आठवणीनं काढ."

पुढच्या मंगळवारी प्रेक्षकांचे निरोप आले. कार्यक्रमाचा एक नंबर आहे, त्यावर लोक बोलून ठेवतात. त्यातले दोन-चार निवडून पुढच्या भागात ऐकवतात. ते साफ करायचं काम माझं. मी बसले. पहिले दोन नेहमीचे, एकाला पाठदुखी, एकीला सुनेची तक्रार. तिसरा एका बाईचा. तरुण असावी. सुरुवातीलाच खोकली. माझा हात सवयीनं गेला आणि मी तो खोकला कापून टाकला. खोकला, खाकरणं, मोठा श्वास, हे आम्ही ऐकायच्याही आधी काढतो. मग मी पुढचं ऐकलं.

"तुमचे आभार मानायला फोन केला. मला दोन महिन्यांपासून बरं नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंनी ती एचआयव्हीची तपासणी सांगितली होती. घाबरून मी गेलेच नाही, झोप उडाली होती. पण तुमचा कार्यक्रम बघितला, त्या बाईंना नवऱ्याकडून झालं होतं. मला नवरा नाही, कधीच नव्हता. माझी मैत्रीण आहे, आम्ही दोघीच असतो. म्हणजे मला काळजीचं कारण नाही ना. जीव भांड्यात पडला बघा. आता नाही जात तपासायला. थँक यू हं."

नंबर नव्हता. लपवून केलेला फोन होता. लपवणारच, मी नाही का लपवत?

मी निरोप परत लावला, स्पीकरवर. ताई मागे येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी ऐकलं. "अगं, किती छान बोललीय! हा घेऊ. ते मैत्रिणीचं आणि डॉक्टरीणबाईंचं काढ. 'आभार' आणि 'जीव भांड्यात पडला' एवढंच ठेव."

मी उठून दार लावलं.

"ताई, ती तपासायला जाणार नाही म्हणतेय. आपलं बघून. ते चौदा सेकंद असते तर गेली असती."

"एका फोनवरून असं..."

"आणि ती मुलाखतीतली बाई माझ्या ओळखीची नाही. माझी आहे. नऊ वर्षं. ते माझं घर होतं."

बोलले एकदाची. मला वाटलं, आता छत कोसळणार. ताईंनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"मला माहीत आहे गं."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी कळलं. तू फ्रिज बंद केलास आणि किल्ल्या ठेवल्या नाहीस. निघताना पर्समध्ये होत्या तुझ्या. मी मनात म्हटलं, रात्री परत जिथं यायचं, तिथं कोण कशाला किल्ल्या ठेवेल? कॅमेरावाल्याच्या पण लक्षात आलं. ऑफिसात तसाही अंदाज होताच सगळ्यांना. कुणाला काही वाटत नाही."

मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी मी नऊ वर्षं पीत होते. आणि सगळं ऑफिस बघत होतं, मायेनं.

"माहीत होतं, तर ते कापायला माझ्याकडे कशाला दिलं?"

ताईंनी अगदी सरळ सांगितलं. त्यात दुष्टावा नव्हता, तेच तर वाईट. "दुसरा कुणी असता तर अटीवरून वाद घालत बसला असता. तू घालणार नाहीस हे माहीत होतं. वाद घालायचा म्हणजे तुला सांगावं लागलं असतं."

मी म्हटलं, "हा निरोप मी कापणार नाही."

"नको कापूस," त्या म्हणाल्या. "घरी जा आज. चेहरा बघ कसा झालाय."

मी निरोपाची मूळ प्रत घेऊन घरी आले. फौजदार जेवायला बसली होती. मी तिला ताईंचं सगळं सांगितलं, किल्ल्यांचंही. तिनं ताट बाजूला सारलं. मग मी निरोप लावला. तिनं डोळे मिटून ऐकला.

"परत लाव."

परत लावला.

"नुसती सुरुवात लाव."

सुरुवातीला तो खोकला होता. कोरडा, एकामागून एक तीन वेळा, आणि मग दम घेण्यासाठी मधेच थांबलेला. माझ्या कानांनी तो दोन वर्षं ऐकला होता. रोज, शेजारच्या उशीवर. आणि त्या सकाळी मी तो ओळखलासुद्धा नव्हता, कचरा म्हणून काढून टाकला होता. मोठी कानसेन!

फौजदार रडत होती. तिला रडताना मी त्याआधी एकदाच बघितलं होतं.

"ते चौदा सेकंद माझे नव्हतेच," ती म्हणाली. "हिचे होते."

त्या रात्रीच तिनं परत बोलून ठेवलं, या वेळी स्वतःच्या आवाजात, खिडकीकडे पाठ करून. शेजारी मी बसले, तोंड दाखवून. आम्ही ते इंटरनेटवर टाकलं. अडतीस जणांनी बघितलं, त्यातल्या पंधरा-वीस जणांनी शिव्या घातल्या. बघणाऱ्यांत एक माझी आई होती. आईनं शिव्या घातल्या नाहीत. तिनं आता गुरुवारचा फोन करणंच सोडलंय.

वाहिनीनं मला काढलं वगैरे नाही. ताई तसं होऊ देणार नाहीत. मला हवामानाच्या बातम्यांवर घातलंय, तिथं कापायला काही नसतं.

पुढच्या गुरुवारी तो निरोप लागला. दुसऱ्या पाळीतल्यानं कापला होता आणि घाईत कापला होता. मैत्रीण गेली, डॉक्टरीणबाई गेल्या, तपासणी गेली. खोकला मात्र अर्धाच गेला होता. आधी अर्धा खोकला, मग "तुमचे आभार. जीव भांड्यात पडला बघा." निवेदिका गोड हसली आणि म्हणाली, असंच प्रेम राहू द्या.

निरोपांचा नंबर अजून माझ्या मशीनवर येतो, तो कुणी काढून घेतलेला नाही. मी रोज सकाळी चहाच्याही आधी तो उघडते. पाठदुखीवाला येतो, सुनेची तक्रार येते. तिचा फोन परत आलेला नाही. घरी गेले की फौजदार दारातच विचारते, "आला का?" मी मान हलवते, आणि रात्री गोळीच्या वेळी ती पाण्याचा पेला स्वतःच भरून घेते.